मॅकलाही चालतं, विंडोजलाही चालतं!

एक्सफॅट. लिहून ठेवा हे नाव. वहीच्या पहिल्या पानावर, फ्रिजवर, हार्ड डिस्कच्या पाठीवर स्केचपेननं, कुठेही. एकच ड्राइव्ह विंडोजच्या लॅपटॉपला लावायचा, हवं ते भरायचं, तोच काढून मॅकला लावायचा, तिथे उघडायचं, बदलायचं, नवं काही टाकायचं आणि परत विंडोजकडे आणायचं. हे सगळं होतं! फुकट होतं! कुठलंही सॉफ्टवेअर विकत न घेता, कुणाच्या हातापाया न पडता होतं! ज्यांना हे आधीपासून ठाऊक आहे ते आता हसत असतील. हसू द्या. मला हे आत्ता कळलंय आणि दिसेल त्याला धरून मी सांगत सुटले आहे. आमच्या वाण्यालाही सांगून झालं. त्याच्याकडे कॉम्प्युटरच नाही.

आता मुळापासून सांगते. मी कुडाळला राहते आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारी नाटकं चित्रित करते. हौस, दुसरं काय! ज्यांनी दशावतार पाहिलाय त्यांना सांगायला नको, की हे प्रकरण रात्री उशिरा सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे शब्दाला शब्द भिडवतात, आणि पुढच्या गावच्या जत्रेत तेच आख्यान वेगळ्याच संवादांनी रंगतं. म्हणून कॅमेरा मध्येच बंद करायची सोय नाही. न जाणो, नेमकं तेव्हाच काहीतरी भन्नाट निघून जायचं! रात्रभराचं चित्रण म्हणजे शंभर-सव्वाशे जीबी सहज होतात.

माझा लॅपटॉप विंडोजचा. संकलन करतो माझा भाचा, मुंबईत, मॅकवर. तो वापरतो ते फायनल कट विंडोजवर चालतच नाही, त्यामुळे त्याला इकडे ओढणं अशक्य, आणि मी या वयात तिकडे जाणार नाही. इंटरनेटवरून पाठव म्हणाल, तर जरा हिशेब करा. सेकंदाला ५० मेगाबिट असा अपलोडचा वेग मिळाला, आणि तो एकदाही तुटला नाही, तर १०० जीबी चढायला साडेचार तास लागतात. आमच्याकडे पाऊस नसतानाही इतका वेळ सलग काही मिळत नाही. उलट साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर तेवढंच चित्रण पंधरा-वीस मिनिटांत उतरतं. रात्री कोणी ओळखीचं कोकणकन्या एक्सप्रेसनं निघालं की सकाळी ड्राइव्ह मुंबईत!

पोहोचण्याची अडचण कधीच नव्हती. अडचण होती परतीची. माझा ड्राइव्ह मॅकला लावला की भाच्याला त्यातलं सगळं दिसायचं. फाइल उघडायची, चालायची, त्याच्या मॅकवर कॉपीही व्हायची. पण तयार झालेलं नाटक त्याच ड्राइव्हवर परत टाकायला गेलं की मॅक ढिम्म. पेस्ट होत नाही, नाव बदलत नाही, काही पुसता येत नाही. बरं, त्याचा स्वतःचा, मॅकवर तयार केलेला ड्राइव्ह माझ्याकडे पाठवला तर? विंडोजला तो कधी दिसतच नाही, आणि कधी दिसला तर विंडोज भलताच प्रश्न विचारतं: हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करू का? (या प्रश्नाकडे पुढे येणार आहे. तोवर कुणीही ‘हो’ म्हणू नका!)

पण गंमत पुढेच आहे. कॅमेऱ्यातलं ६४ जीबीचं कार्ड! ते माझ्या लॅपटॉपला लावा, चालतं. भाच्याच्या मॅकला लावा, चालतं. तिथे वाचताही येतं आणि लिहिताही येतं. कार्ड काय, ड्राइव्ह काय, दोन्हीकडे शेवटी फाइलीच ठेवायच्या ना? मग कार्डाला दोन्हीकडे मोकळं रान आणि ड्राइव्हवर एवढी बंधनं का? मी फोन करून भाच्याला नेमकं हेच विचारलं.

“मावशी, तुझा ड्राइव्ह एनटीएफएस असणार. कार्ड एक्सफॅट असतं. कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघ.”

बघितलं. ‘फाइल सिस्टिम’ या ओळीपुढे स्वच्छ लिहिलेलं होतं, एक्सफॅट. उत्तर इतके दिवस माझ्याच कॅमेऱ्याच्या पोटात बसून होतं!

“मग ड्राइव्हपण एक्सफॅट करता येतो का रे?”

“येतो की.”

“आणि हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे?”

यावर त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि हाताला लागेल ते वाचत बसले.

मला जे समजलं ते असं. ड्राइव्ह ही जमीन आणि फाइल सिस्टिम हा तिचा सातबारा. कुठल्या तुकड्यात काय आहे, कुठून कुठपर्यंत आहे, रिकामं किती, हे सगळं त्या उताऱ्यावर नोंदलेलं असतं. जमीन कितीही चांगली असू दे, उतारा वाचता आला नाही तर कॉम्प्युटरला तिथे नुसतं रान दिसतं. वायर बसते, वीज पोचते, दिवा लुकलुकतो. यूएसबी १९९६ पासून आहे आणि ॲपलनं ती १९९८ च्या आयमॅकमध्येच घेतली, त्यामुळे जोडणीचं भांडण केव्हाच मिटलेलं आहे. हल्ली फार तर टाइप-सीची एखादी पिन लागते. राहिलं आहे ते दप्तराचं भांडण.

आणि दोघांची दप्तरं अगदी वेगळी! मायक्रोसॉफ्टचं एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलं. ॲपलचं एचएफएस त्याच्याही आधीचं, १९८५ चं. त्याची सुधारलेली आवृत्ती एचएफएस प्लस १९९८ मध्ये आली आणि ती जवळजवळ वीस वर्षं चालली. मग २०१७ मध्ये मॅकवर हाय सिएराबरोबर एपीएफएस आलं. विंडोजला ॲपलची यातली एकही पद्धत स्वतःहून वाचता येत नाही. मॅक थोडा पुढे गेलेला आहे. २००३ च्या पँथर आवृत्तीपासून त्याला एनटीएफएसचा उतारा वाचता येतो. फक्त फेरफार करता येत नाही! म्हणजे भाच्याचा मॅक बिघडलेला नव्हता, माझा ड्राइव्हही बिघडलेला नव्हता. मॅक एनटीएफएसवर लिहीतच नाही, एवढंच. खरं सांगायचं तर त्याचं हे वागणं मला शहाणपणाचं वाटतं. परक्याच्या दप्तरात अर्धवट माहितीवर एक चुकीची नोंद घातली तर नुकसान आपल्या फाइलींचं.

पैसे मोजले तर याच्यावर औषध आहे. पॅरागॉन, टक्सेरा अशा कंपन्यांची सॉफ्टवेअरं मॅकला एनटीएफएसवर लिहायला शिकवतात, आणि विंडोजवर ॲपलचे ड्राइव्ह उघडणारं मॅकड्राइव्ह तर फार जुनं आहे. ज्याला दुसऱ्याचे ड्राइव्ह जसे येतील तसे वापरावेच लागतात, त्या बिचाऱ्यानं ती जरूर घ्यावीत. माझा ड्राइव्ह माझा आहे. मी त्याचं दप्तरच बदलू शकते, मग पैसे कशाला?

आता तुम्ही विचाराल, दोघांनाही वाचता येईल असं आधी काही नव्हतंच का? होतं ना! फॅट. हे घराणं १९७७ पासूनचं, आणि त्यातलं फॅट३२ हे १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीत आलं. ते आजही सगळ्यांना कळतं. मॅकला, विंडोजला, टीव्हीला, गाडीतल्या म्युझिक सिस्टिमला. पण त्यात एक खोट आहे आणि ती खोट म्हणजे माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत चमत्कारिक भाग! फॅट३२ मध्ये फाइलचा आकार नोंदवायला फक्त ३२ बिटांची जागा ठेवलेली आहे. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. एवढे बाइट झाले की खलास, चार जीबीच्या पुढे एक बाइट जास्त असलेली फाइलही ठेवता येत नाही. ड्राइव्हवर पाचशे जीबी मोकळे असोत, कॉम्प्युटर निर्विकारपणे सांगतो, फाइल फार मोठी आहे.

गाण्यांना, पत्रांना, फोटोंना चार जीबी म्हणजे डोंगर. व्हिडिओला? सेकंदाला ५० मेगाबिटनं चित्रण करणारा कॅमेरा साडेअकरा मिनिटांत चार जीबी भरतो! साडेअकरा मिनिटांत दशावतारातला राजा धड सिंहासनावर टेकतही नाही.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात आणखी एक दिवा पेटला. माझं जुनं कार्ड ३२ जीबीचं होतं. त्यावरचं प्रत्येक नाटक तुकड्या-तुकड्यांत यायचं. राजाचा प्रश्न एका फाइलीत, राक्षसाचं उत्तर दुसऱ्या फाइलीत, आणि ते दोन्ही नीट जोडताना भाच्याची चिडचिड. मला वाटायचं कॅमेऱ्याची ती सवयच आहे. तर ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ ची असतात! कॅमेरा बिचारा चार जीबीची भिंत आली की निमूटपणे नवी फाइल सुरू करत होता. (काही कॅमेरे मोठ्या कार्डावरही तुकडे पाडतात, पण तो त्यांचा स्वतःचा कारभार.)

याच फॅट३२ ची एक मजेदार हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठा ड्राइव्ह फॅट३२ करता येत नाही. फॅट३२ चं असं काही बंधन नाही, ते याहून कितीतरी मोठ्या ड्राइव्हवर चालतं. मग ३२ च का? ती खिडकी लिहिणारे मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे अभियंते डेव्ह प्लमर यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे, की १९९४ च्या अखेरीला त्यांनी ती तात्पुरती म्हणून लिहिली आणि ही मर्यादाही तेव्हा त्यांनीच ठरवली. पुढे कित्येक वर्षं कुणी ती बदललीच नाही. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत ती दोन टीबीपर्यंत वाढवली, तीही फक्त आज्ञा टाइप करून फॉरमॅट करणाऱ्यांसाठी. तात्पुरत्याचं आयुष्य किती मोठं असतं बघा!

तर या चार जीबीच्या कोंडीतून बाहेर पडायला मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये एक्सफॅट काढलं. फॅटचाच साधेपणा, पण फाइलच्या आकाराला ३२ ऐवजी ६४ बिटांची जागा. ६४ बिट म्हणजे किती, ते मी आकड्यात लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. कोकणातल्या सगळ्या जत्रा, सगळ्या रात्री, एकाच फाइलीत घातल्या तरी ती मर्यादा दिसणारही नाही! २००९ मध्ये एसडी कार्डांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेनं ३२ जीबीच्या वरच्या कार्डांसाठी एक्सफॅट हीच पद्धत ठरवली. म्हणून माझं ६४ चं कार्ड तसं होतं. आणि २०१० च्या नोव्हेंबरात ॲपलनं स्नो लेपर्डच्या १०.६.५ या आवृत्तीत एक्सफॅटवर वाचायची आणि लिहायची सोय दिली. २०१०! तेव्हापासून विकला गेलेला प्रत्येक मॅक आणि प्रत्येक विंडोज लॅपटॉप एकमेकांचा एक्सफॅट ड्राइव्ह वापरायला तयार बसलाय, आणि माणसं मात्र “मॅकला चालत नाही हो” म्हणत पेन ड्राइव्ह परत करतायत. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सफॅटचं तपशीलवार वर्णन सर्वांसाठी खुलं केलं आणि लिनक्सनंही ते आपल्या गाभ्यात घेतलं. त्याच वर्षापासून आयपॅडलाही बाहेरचा ड्राइव्ह थेट जोडता येतो, आणि तोही एक्सफॅट वाचतो.

आता प्रत्यक्ष कृती. घाबरायचं काही नाही, पण पहिली गोष्ट आधी: ड्राइव्हवर जे काही आहे ते दुसरीकडे काढून ठेवा. फॉरमॅट म्हणजे जुना सातबारा फाडून कोरा उतारा लिहिणं. आधीचं सगळं गेलं असंच समजायचं. मी माझं चित्रण दुसऱ्या डिस्कवर हलवलं, उघडून तपासलं आणि मगच पुढे गेले.

विंडोजवर फाइल एक्सप्लोरर उघडायचं, ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’. फाइल सिस्टिमच्या जागी एक्सफॅट निवडायचं, बाकीचं आहे तसं ठेवायचं, ‘क्विक फॉरमॅट’ची खूण राहू द्यायची आणि ‘स्टार्ट’. चहाला आधण ठेवलं होतं, त्याला उकळी फुटायच्या आत ड्राइव्ह तयार! ड्राइव्हला नाव देता येतं, पण ते अकरा चिन्हांत बसवायचं, आणि काना-मात्राही त्यात मोजले जातात. ‘दशावतार’ झकास बसलं. देवनागरीत! आणि मॅकवर गेल्यावरही ते देवनागरीतच दिसलं, याचा मला जो आनंद झाला तो फॉरमॅटपेक्षाही जास्त होता.

हेच मॅकवरून करायचं असेल तर ‘डिस्क युटिलिटी’ उघडावी. तिथे एक खाचखळगा आहे. आधी ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ करून घ्यायचं, म्हणजे डावीकडे ड्राइव्हचं मूळ नाव दिसतं, त्याच्या पोटातल्या भागाच्या वर. ते मूळ नाव निवडून ‘इरेज’ म्हटलं की फॉरमॅटबरोबर ‘स्कीम’ नावाचा पर्यायही दिसतो. फॉरमॅट एक्सफॅट ठेवायचं आणि स्कीममध्ये ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’. दुसरा पर्याय ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ हा जुना. त्याला साधारणपणे दोन टीबीच्या पलीकडचं दिसत नाही. मूळ ड्राइव्हऐवजी आतला भाग निवडला तर स्कीमचा पर्याय येतच नाही आणि माणूस शोधत बसतो.

ड्राइव्ह मुंबईला गेला. भाच्यानं मॅकला लावला, व्हिडिओ कॉल सुरू ठेवला आणि तयार झालेलं नाटक, वीसेक जीबीची एकच सलग फाइल, उचलून ड्राइव्हवर टाकली. निळी पट्टी सरकायला लागली! मी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, “मावशी, फाइल कॉपी होतेय, रॉकेट नाही उडालेलं.” उडू दे नाही तर न उडू दे. तोच ड्राइव्ह माझ्याकडे परत आला, माझ्या लॅपटॉपवर उघडला, आणि नाटकातला संकासुर एकदाही न तुटता सलग नाचला.

यानंतर बारीकसारीक नवलं सापडत गेली. पहिलं नवल असं, की एक टीबीचा ड्राइव्ह मॅकवर एक टीबी दिसतो आणि माझ्याकडे ९३१ जीबी! मधले जवळजवळ सत्तर जीबी कोकण रेल्वेत पडले की काय? तसं काही नाही. मॅक २००९ पासून एक जीबी म्हणजे सरळ शंभर कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. बाइट तेवढेच, मोजणारे वेगळे.

दुसरं नवल म्हणजे भुतावळ. मॅकहून आलेल्या ड्राइव्हवर कित्येकदा प्रत्येक फाइलीची एक छोटी सावली दिसते. नाव तेच, पण सुरुवातीला टिंब आणि खालची रेघ, आकार काही केबींचा, आणि उघडायला गेलं तर उघडत नाही. मॅकला फाइलीबद्दल स्वतःपुरत्या काही जादा नोंदी ठेवायच्या असतात. त्याच्या स्वतःच्या डिस्कवर त्यांना जागा असते, एक्सफॅटमध्ये नसते, म्हणून तो त्या अशा वेगळ्या फाइलीत ठेवतो. ‘डीएस स्टोअर’ नावाची फाइलही त्याचीच, फोल्डरमधल्या चिन्हांची मांडणी लक्षात ठेवायला. विंडोजही कमी नाही, तेही ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचं बिऱ्हाड मॅकच्या अंगणात टाकून येतं. दोन्ही निरुपद्रवी. फक्त एक लक्षात ठेवा, चित्रणाची म्हणून जी फाइल उचलाल ती जीबींतली आहे ना ते पाहा. चार केबींचं नाटक कुणाला पाठवू नका.

तिसरं मात्र खास आपलं. फाइलींना मराठी नावं देणाऱ्यांनी कान इकडे करावेत! मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत ‘ऱ’ हे अक्षर जसंच्या तसं साठवत नसे. ती त्याचे दोन भाग करी, ‘र’ आणि नुक्ता. त्यामुळे ‘दुसऱ्या रात्रीचं चित्रण’ असं फोल्डरचं नाव जुन्या मॅक डिस्कवरून आलं, आणि तेच नाव विंडोजवर टाइप केलं, तर डोळ्यांना दोन्ही अगदी एक, पण आतून निराळी. दोन ड्राइव्ह जुळवून पाहणाऱ्या काही प्रोग्रॅमना ती दोन वेगळी फोल्डरं वाटू शकतात. नवं एपीएफएस नाव जसं दिलं तसं ठेवतं. मी तरी आता फोल्डरांना गावाचं नाव आणि तारीख एवढंच देते. प्रश्नचिन्ह, तारा, अवतरणचिन्हं हीसुद्धा नावात नकोत. मॅक आपल्या डिस्कवर ती आनंदानं घेतो, विंडोजला ती चालत नाहीत.

आणि आता जरा आवाज खाली आणून बोलते, कारण एक्सफॅटच्या प्रेमात पडले असले तरी आंधळी झालेली नाही. एनटीएफएस आणि एचएफएस प्लस काही बदल करण्याआधी “मी अमुक करायला घेतोय” असं टिपण ठेवतात. मध्येच वायर निघाली तर त्या टिपणावरून त्यांना उतारा सावरता येतो. एपीएफएस वेगळ्या मार्गानं तीच काळजी घेतं. एक्सफॅटमध्ये अशी सोय नाही. फाइल लिहिली जात असताना ड्राइव्ह उपटला तर नोंद अर्धी राहू शकते, आणि अर्ध्या नोंदीच्या फाइलीला वाली नसतो. म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय, विंडोजवर ‘सेफली रिमूव्ह’ म्हटल्याशिवाय ड्राइव्ह काढायचाच नाही. घाई असली तरी नाही, गाडी सुटत असली तरी नाही! कधी कुणी काढलाच आणि नंतर तो मॅकला लावला, तर बराच वेळ दिसत नाही. तो मेला असं समजून पुन्हा उपटू नका. मॅक आतल्या आत तपासणी करत असतो, मोठ्या ड्राइव्हला वेळ लागतो. ‘डिस्क युटिलिटी’तलं ‘फर्स्ट एड’ किंवा विंडोजचं ‘चेक डिस्क’ पुष्कळदा काम करून जातं.

दुसरी खोट बारक्या फाइलींची. ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटचे तुकडे १२८ केबींचे पाडतं. म्हणजे दोन केबींची चिठ्ठीसुद्धा १२८ केबी जागा अडवून बसते. अशा दहा हजार चिठ्ठ्या म्हणजे खरा मजकूर वीस एमबी आणि अडलेली जागा सव्वा जीबीच्या आसपास! व्हिडिओवाल्यांना याचं काहीच नाही, पण फॉन्ट, वेबसाइट, हजारो छोट्या कागदपत्रांची वाहतूक करणाऱ्यांनी ती झिप करून एकच गठ्ठा न्यावा.

मॅकच्या टाइम मशीनला बॅकअपसाठी एक्सफॅटचा ड्राइव्ह चालत नाही. तो स्वतःच्या पद्धतीचाच मागतो. पण एकाच मोठ्या ड्राइव्हचे दोन भाग करून एक एपीएफएस आणि दुसरा एक्सफॅट ठेवता येतो, आणि भाच्यानं तसंच केलंय. एक्सफॅटला कुलूपही नाही. ड्राइव्ह ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं वाचता येईल. विंडोजचं बिटलॉकर लावलं तर मॅक उघडणार नाही, म्हणजे पुन्हा मूळ पदावर! दोन्हीकडे चालणारं कुलूप हवं असेल तर व्हेराक्रिप्ट आहे, फुकट आहे. माझ्या नाटकांना कुलूप कशाला? उलट ती जास्तीत जास्त लोकांनी पाहावीत.

आणखी एक बारीक गोष्ट. मॅकवर ड्राइव्हवरच्या फाइली पुसल्या तरी त्या ड्राइव्हवरच एका लपलेल्या कचरापेटीत राहतात. तिथला ‘ट्रॅश’ रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही, आणि विंडोजवर मग जागा गेली कुठे ते कळत नाही. ड्राइव्ह परत पाठवण्याआधी मॅकवाल्याला कचरा टाकून यायला सांगा.

माझा निकाल असा: ने-आण करायला एक्सफॅटसारखं दुसरं काही नाही, पण एकुलती एक प्रत त्याच्यावर ठेवू नये. मी नाटकांची मूळ प्रत घरच्या एनटीएफएस डिस्कवर ठेवते, भाचा त्याची एपीएफएसवर, आणि ‘दशावतार’ नावाचा ड्राइव्ह आमच्या दोघांमध्ये हिंडतो.

आणि हो, तो मघाचा प्रश्न. मॅकवरून आलेला ड्राइव्ह लावल्यावर विंडोजनं “फॉरमॅट करू का?” असं विचारलं तर ‘कॅन्सल’ म्हणा. ड्राइव्ह खराब झालेला नसतो, विंडोजला तो वाचता येत नसतो, इतकंच. मॅकनं तसंच काही विचारून ‘इनिशियलाइझ’ सुचवलं तर ‘इग्नोर’ म्हणा. ज्याचा ड्राइव्ह आहे त्याला फोन करा, आतलं त्याच्याच कॉम्प्युटरवर काढून घ्यायला सांगा. आणि नवा ड्राइव्ह घ्याल तेव्हा तो खोक्यातून काढल्या काढल्या, अजून रिकामा आहे तोवर, एक्सफॅट करून घ्या. भरल्यावर करायचं म्हटलं तर आधी तेवढाच मोठा दुसरा ड्राइव्ह शोधावा लागतो.